शांघायचे निष्ठावंत मेंढपाळ : कार्डिनल इग्नेशियस कुंग पिन-मेई

सप्टेंबर महिन्याची ८ तारीख म्हणजे धन्य कुमारी मरियेचा जन्मोत्सव. या सुमारास वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाऊलीच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. नोव्हेना, मेणबत्त्या, जपमाळा आणि गाणी यांनी वातावरण भारून जाते. १९५५ साली याच सणाच्या रात्री चीनमधील शांघाय शहरात मात्र वेगळेच घडत होते. पोलीस एकाच वेळी धर्मगुरूंच्या निवासांवर आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांवर छापे घालत होते. पहाट होईपर्यंत शांघायचे बिशप, त्यांचे अनेक धर्मगुरू आणि प्रापंचिक कार्यकर्ते मिळून दोनशेहून अधिक जण तुरुंगात गेले होते. मरियेचा सण साजरा करून झोपी गेलेला धर्मप्रांत सकाळी मेंढपाळाविना जागा झाला.

त्या बिशपांचे नाव इग्नेशियस कुंग पिन-मेई. त्या रात्री त्यांनी गमावलेले स्वातंत्र्य पुढची तीस वर्षे त्यांना परत मिळाले नाही. १२ मार्च २००० रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांनी परदेशात देह ठेवला. विसाव्या शतकातील ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जात असले, तरी आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकांना त्यांचा फारसा परिचय नाही. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

पाच पिढ्यांचा वारसा

चीनच्या सुवार्ताप्रसाराचा आपल्या भूमीशी जुना संबंध आहे. गोव्यात आणि वसईत वावरलेले संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या दारात, शांगच्वान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजी निवर्तले. त्यांना त्या देशात प्रवेश मिळाला नाही. पुढे येशूसंघीय फादर मत्तेओ रिची यांनी गोव्यात ईशज्ञानाचे शिक्षण घेतले आणि चीनमध्ये जाऊन तेथील भाषा, वेष व विद्या आत्मसात केल्या. त्यांच्या सहवासात आलेले विद्वान राजपुरुष शू ग्वांगछी यांनी १६०३ साली पौल या नावाने बाप्तिस्मा घेतला. शांघायमधील शुजियाहुई हा भाग त्यांच्याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. तेथे पुढे कॅथेड्रल, शाळा, ग्रंथालय आणि वेधशाळा उभी राहिली. शांघायची ख्रिस्तसभा ही अशी साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगणारी होती.

या शहराजवळच्या पुडोंग परिसरात २ ऑगस्ट १९०१ रोजी इग्नेशियस कुंग यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्यात ख्रिस्ती श्रद्धा किमान पाच पिढ्यांपासून नांदत होती. ते आईवडिलांचे थोरले अपत्य. त्यांना अक्षरओळख, चिनी अभिजात ग्रंथांचा परिचय आणि धर्मशिक्षण हे सारे घरीच मिळाले, आणि ते देणारी त्यांची अविवाहित आत्या होती. देवाच्या सेवेला आयुष्य वाहिलेल्या या बाईने लहान इग्नेशियसच्या मनात प्रार्थनेची जी गोडी निर्माण केली, ती त्यांना जन्मभर पुरली. मोठमोठ्या संतांच्या चरित्रांत आई, आजी, आत्या अशा घरातल्या बायकांचे ऋण किती असते, याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

पुढे येशूसंघीयांच्या शाळेत शिक्षण घेऊन ते सेमिनरीत दाखल झाले. २८ मे १९३० रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी कॅथलिक शाळांत शिक्षक व मुख्याध्यापक म्हणून घालवली. त्याच काळात १९३७ पासून जपानचे आक्रमण, त्यापाठोपाठ दुसरे महायुद्ध आणि मग राष्ट्रवादी व साम्यवादी यांच्यातील यादवी युद्ध अशी संकटांची मालिका चीनवर कोसळत होती. फादर कुंग यांचे नाव तेव्हा गाजत नव्हते. बुटक्या चणीचे, मितभाषी आणि शिस्तप्रिय शिक्षक एवढीच त्यांची ओळख होती. आपल्या वर्गात बसलेली मुले पुढे आपल्याबरोबर तुरुंगात येतील, अशी कल्पना त्यांना किंवा त्या मुलांना कोठून असणार?

नवे राज्य, नवा बिशप

१ ऑक्टोबर १९४९ रोजी माओ झेडाँग यांनी बीजिंगमध्ये चिनी लोक प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, ७ ऑक्टोबर रोजी, पवित्र जपमाळेच्या मातेच्या सणादिवशी कुंग यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. पोप बारावे पायस यांनी त्यांची नेमणूक सुझोऊ या धर्मप्रांतासाठी केली होती. वर्षभराच्या आत, १९५० साली, त्यांच्याकडे शांघाय धर्मप्रांताची धुरा आली. त्याशिवाय सुझोऊ आणि नानजिंग येथील कारभारही त्यांनाच पाहावा लागला. शांघायचे ते पहिले चिनी बिशप होते. त्यावेळी एकट्या शांघाय धर्मप्रांतात लाखाहून अधिक कॅथलिक होते, तर साऱ्या चीनमध्ये त्यांची संख्या तीस लाखांच्या घरात होती.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. चीनमधील ख्रिस्तसभेवर परकेपणाचा जो शिक्का मारण्यात आला, तो निव्वळ साम्यवाद्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्तांनी युद्धे करून चीनवर विषम तह लादले आणि त्याच तहांच्या आधाराने मिशनऱ्यांना संरक्षण मिळाले. तोफा आणि क्रूस एकाच जहाजातून आल्याचे दृश्य चिनी माणसाच्या मनात रुतून बसले. लुओ वेनझाओ हे १६८५ साली दीक्षा मिळालेले पहिले चिनी बिशप. त्यांच्यानंतर दुसऱ्या चिनी बिशपसाठी १९२६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पोप अकरावे पायस यांनी रोममध्ये स्वतः सहा चिनी धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. चिनी ख्रिस्तसभेची रीतसर धर्मप्रांतरचना तर १९४६ साली झाली. घर आपल्या हाती येऊन जेमतेम तीन वर्षे होत होती, तोच दारावर नवी सत्ता येऊन उभी राहिली.

तीन तत्त्वांचा पेच

नव्या राज्यकर्त्यांनी प्रारंभी धर्मस्वातंत्र्याची ग्वाही दिली होती. पण १९५० च्या अखेरीस कोरियन युद्धात चीन उतरला आणि पाश्चात्त्यांशी संबंध असलेली प्रत्येक संस्था संशयाच्या भोवऱ्यात सापडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिचुआन प्रांतातील ग्वांगयुआन येथून एका धर्मगुरूच्या पुढाकाराने एक जाहीरनामा निघाला. स्वयंशासन, स्वयंनिर्वाह आणि स्वयंप्रसार या तीन तत्त्वांवर चिनी ख्रिस्तसभा उभी राहावी, अशी त्यात मागणी होती. सरकारी वृत्तपत्रांनी तो उचलून धरला आणि देशभर त्यासाठी सह्यांची मोहीम सुरू झाली.

वरवर पाहता या तत्त्वांत वावगे काय आहे, असे कोणालाही वाटेल. स्थानिक धर्मगुरू असावेत, स्थानिकांच्या दानावर ख्रिस्तसभा चालावी, स्थानिकांनीच सुवार्ता सांगावी, हे तर रोमलाही हवेच होते. पोप बारावे पायस यांनी १९५४ साली चिनी भाविकांना उद्देशून लिहिलेल्या ‘आद सिनारुम जेन्तेम’ या परिपत्रकात या तत्त्वांचा योग्य अर्थ उलगडून सांगितला आहे. पण सरकारला अभिप्रेत असलेला अर्थ निराळा होता. पोपमहोदयांशी असलेले नाते तोडा आणि बिशप कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या हाती द्या, ही खरी मागणी होती. पेत्राच्या उत्तराधिकाऱ्याशी ऐक्य हा कॅथलिक श्रद्धेचा गाभा आहे. तोच काढून टाकला, तर उरते ते कॅथलिक राहत नाही. बिशप कुंग यांनी हे अचूक ओळखले. देशाचे कायदे पाळायला, कर भरायला, देशासाठी कष्ट उपसायला त्यांची ना नव्हती. या एका मुद्द्यावर मात्र त्यांची भूमिका मोडेन पण वाकणार नाही अशी राहिली.

दबाव वाढत गेला. पोपमहोदयांचे प्रतिनिधी आर्चबिशप अँतोनियो रिबेरी यांना सप्टेंबर १९५१ मध्ये देशाबाहेर काढण्यात आले. कँटनमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या कॅनडियन धर्मभगिनींवर बालहत्येचे आरोप ठेवून जाहीर खटला चालवण्यात आला. शाळा, महाविद्यालये, इस्पितळे एकामागून एक सरकारजमा झाली. परदेशी मिशनऱ्यांना टप्प्याटप्प्याने देश सोडावा लागला. शांघायमध्ये येशूसंघीय फादर बेदा चांग यांना ऑगस्ट १९५१ मध्ये अटक झाली. ते नामवंत विद्वान आणि विद्यार्थ्यांचे लाडके शिक्षक होते. सरकारधार्जिण्या ख्रिस्तसभेचे नेतृत्व करण्यास त्यांनी नकार दिला होता. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ते कोठडीतच मरण पावले. लोक त्यांच्याकडे रक्तसाक्षी म्हणून पाहू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांवरही पोलिसांची नजर फिरू लागली.

मरियेची सेना

या काळात शांघायच्या तरुणांमध्ये ‘लिजन ऑफ मेरी’ ही संघटना फोफावली होती. आयरिश मिशनरी फादर एडन मॅकग्रा यांनी ती चीनभर पोचवली होती. जपमाळ म्हणणे, आजाऱ्यांना भेटी देणे, धर्मशिक्षण देणे असा तिचा साधा कार्यक्रम. परंतु ‘लिजन’ म्हणजे सैन्य, आणि सैन्य म्हटले की शस्त्रे, असा सोयीस्कर अर्थ लावून १९५१ साली सरकारने तिला प्रतिक्रांतिकारी गुप्त संघटना ठरवले. शहरात नोंदणी केंद्रे उघडली गेली. सभासदांनी तेथे जाऊन संघटनेचे गुन्हे कबूल करावेत आणि राजीनाम्यावर सही करावी, असा हुकूम निघाला.

सही करायची की नाही? शाळा-कॉलेजात शिकणारी ही मुले-मुली होती. सही केली तर पुढचे शिक्षण, नोकरी, घरच्यांची सुटका. नाही केली तर तुरुंग. बिशप कुंग यांनी त्यांना सांगितले की खोटी कबुली देणे म्हणजे असत्यावर शिक्कामोर्तब करणे होय. बहुसंख्य सभासदांनी सही केली नाही. आपल्याला केव्हाही नेतील या जाणिवेने कित्येकांनी कपड्यांची गाठोडी बांधून तयार ठेवली होती, असे त्या पिढीतील वाचलेल्यांनी पुढे सांगितले आहे.

बिशपांनी स्वतः काय केले? त्यांनी तलवार उपसली नाही, मोर्चा काढला नाही. त्यांनी लोकांना प्रार्थनेसाठी एकत्र आणले. १९५२ हे वर्ष त्यांनी आपल्या धर्मप्रांतात मरियेचे वर्ष म्हणून जाहीर केले. फातिमा मातेची मूर्ती एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात नेली जाई आणि तिच्यापुढे अहोरात्र जपमाळ चाले. दुसरीकडे, उद्या धर्मगुरू उरले नाहीत तर काय, हा प्रश्न त्यांना दिसत होता. म्हणून त्यांनी शेकडो प्रापंचिकांना धर्मशिक्षक म्हणून तयार केले. बाप्तिस्मा कसा द्यावा, मरणोन्मुख माणसाला कसा धीर द्यावा, मुलांना प्रार्थना कशा शिकवाव्यात, हे कुटुंबाकुटुंबांतून रुजवले. पुढे चर्चची दारे बंद झाली तेव्हा श्रद्धा जिवंत राहिली ती या तयारीमुळे. दूरदृष्टीच्या मेंढपाळाचे हे काम आम्हांला त्यांच्या तुरुंगवासाइतकेच मोलाचे वाटते.

देश सोडून सुरक्षित ठिकाणी जाण्याची संधी त्यांना होती. तशी विनवणीही त्यांना करण्यात आली. कळपावर लांडगा आला असता पळून जातो तो मोलकरी, हे शुभवर्तमानातील चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असावे. ते शांघायमध्येच राहिले.

मैदानातील आरोळी

८ सप्टेंबर १९५५ च्या रात्रीनंतरही अटकसत्र थांबले नाही. पुढच्या आठवड्यांत आणखी शेकडो भाविकांना पकडण्यात आले. वृत्तपत्रांतून ‘कुंग पिन-मेई प्रतिक्रांतिकारी टोळी’ या मथळ्याखाली रोज मजकूर येऊ लागला. हेरगिरी, देशद्रोह, साम्राज्यवाद्यांशी संगनमत असे आरोपांचे स्वरूप होते.

अटकेनंतर काही महिन्यांनी, त्यांचे चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, त्यांना शांघायच्या श्वानशर्यतीच्या मैदानात आणण्यात आले. हजारो लोकांना तेथे हजर राहण्याचा हुकूम होता. बिशप सर्वांसमक्ष आपले गुन्हे कबूल करतील अशी सत्ताधाऱ्यांची अपेक्षा होती. हात पाठीमागे बांधलेले, अंगावर साधा सदरा-पायजमा, उंची जेमतेम पाच फूट. त्यांना ढकलत ध्वनिक्षेपकापुढे उभे करण्यात आले. कबुलीऐवजी त्यांच्या तोंडून ख्रिस्तराजाचा आणि पोपमहोदयांचा जयजयकार बाहेर पडला. क्षणभर शांतता पसरली आणि मग गर्दीतून त्याच जयघोषाचा प्रतिसाद उमटला. पोलिसांनी घाईघाईने त्यांना मोटारीत कोंबून नेले. त्यानंतर १९६० सालापर्यंत ते लोकांच्या दृष्टीस पडले नाहीत.

१९६० च्या मार्च महिन्यात त्यांच्यावर खटला चालला. त्याच्या आदल्या रात्रीही त्यांना एक संधी देण्यात आली होती. रोमशी संबंध तोडलेल्या ख्रिस्तसभेचे नेतृत्व त्यांनी पत्करावे, म्हणजे सुटका होईल, असा तो प्रस्ताव होता. पोपमहोदयांना नाकारले तर आपण बिशप तर राहणार नाहीच, पण कॅथलिकही राहणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. १७ मार्च रोजी त्यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. दुसऱ्याच दिवशी मेरीनॉल संघाचे अमेरिकन बिशप जेम्स वॉल्श यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यांची सुटका १९७० साली झाली. बिशप कुंग यांना मात्र त्यानंतरही पंधरा वर्षे आतच काढायची होती.

भिंतीआड तीस वर्षे

ही तीस वर्षे कशी गेली असतील? त्यांना मिस्साबली अर्पण करता येत नव्हता. पवित्र शास्त्र जवळ नव्हते. नातलगांच्या भेटी नाहीत, पत्रे नाहीत. ज्या माणसाने मरियेच्या वर्षात साऱ्या धर्मप्रांताला जपमाळेत गुंफले होते, त्याला आता सोबत होती ती केवळ अंतःकरणातील प्रार्थनेची.

बाहेर मात्र जग झपाट्याने बदलत होते. १९५७ साली सरकारच्या प्रेरणेने ‘चिनी कॅथलिक देशभक्त संघ’ स्थापन झाला. एप्रिल १९५८ मध्ये पोपमहोदयांच्या संमतीशिवाय पहिल्या दोन बिशपांना दीक्षा देण्यात आली. त्याच वर्षी २९ जून रोजी, पोप बारावे पायस यांनी ‘आद आपोस्तोलोरुम प्रिन्चिपिस’ या परिपत्रकातून या प्रकाराचा निषेध केला. १९६० साली, बिशप कुंग यांना जन्मठेप होताच, शांघायसाठीही असाच दुसरा बिशप बसवण्यात आला. रोमच्या लेखी मात्र शांघायचे बिशप म्हणजे कोठडीतील कुंग हेच होते.

‘मोठी झेप’ या माओंच्या धोरणापायी १९५९ ते १९६१ च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला आणि कोट्यवधी माणसे प्राणास मुकली. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद भरली. जगभरचे बिशप तेथे जमले, पण शांघायच्या बिशपांची जागा रिकामीच राहिली. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीचे वादळ उठले. तेव्हा तर देशभक्त संघाची चर्चेसही सुटली नाहीत. रेड गार्ड्सच्या टोळ्यांनी शुजियाहुई कॅथेड्रलचे मनोरे पाडले, शेशान टेकडीवरील मरियेच्या तीर्थमंदिराची नासधूस केली. ज्यांनी जुळवून घेतले त्यांनाही त्या आगीची झळ लागली. सप्टेंबर १९७६ मध्ये माओंचे निधन झाले आणि मग हळूहळू चर्चची दारे किलकिली होऊ लागली.

३० जून १९७९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या पहिल्याच कॉन्सिस्टरीत चौदा नव्या कार्डिनलांना मानचिन्हे दिली. पंधरावे नाव त्यांनी जाहीर केले नाही; ते इन पेक्तोरे, म्हणजे आपल्या हृदयात जपून ठेवले. ते नाव होते इग्नेशियस कुंग पिन-मेई. शांघायच्या तुरुंगातील वृद्ध कैद्याला आपण कार्डिनल झाल्याची वार्ताही नव्हती.

गाण्यातून दिलेली ग्वाही

१९८५ साली, ३ जुलैला त्यांना तुरुंगातून बाहेर काढण्यात आले. पण ती मुक्तता नव्हती. देशभक्त संघाच्या बिशपांच्या देखरेखीखाली त्यांना स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्यांनी गुन्ह्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केल्याचे सरकारी वृत्तसंस्थेने जाहीर केले. तसे काही घडले नसल्याचे त्यांच्याकडून पुढे स्पष्ट करण्यात आले.

१९८० च्या दशकातील एक प्रसंग त्यांच्या सर्व चरित्रांत सांगितला जातो. मनिलाचे कार्डिनल हायमे सिन चीनच्या भेटीवर आले असता त्यांच्यासाठी शांघायमध्ये मेजवानी झाली. बिशप कुंग यांनाही तेथे आणण्यात आले, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवण्यात आले. मध्ये सरकारी अधिकारी आणि देशभक्त संघाचे लोक. दोघांना एकमेकांशी खासगीत एक शब्दही बोलता येईना. तेव्हा कार्डिनल सिन यांनी युक्ती काढली. प्रत्येकाने एकेक गाणे म्हणावे, असे त्यांनी सुचवले. बिशप कुंग यांची पाळी आली. त्यांनी पाहुण्यांकडे रोखून पाहिले आणि प्रभू येशूने पेत्राला खडक म्हणून संबोधल्याच्या वचनावर आधारलेले लॅटिन स्तोत्र गायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ उमगला नसेल, पण तेथे बसलेल्या प्रत्येक धर्मगुरूला तो उमगला. आपण इतकी वर्षे पेत्राच्या उत्तराधिकाऱ्याशी एकनिष्ठ राहिलो, हा निरोप रोमला पोचता झाला. तीस वर्षांचा पहारा एका स्तोत्राला अडवू शकला नाही.

परदेशात अखेर

मे १९८८ मध्ये औषधोपचारांसाठी त्यांना अमेरिकेला जाण्याची परवानगी मिळाली. कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे त्यांचे वास्तव्य राहिले. ते कार्डिनल असल्याचे त्यांना पोपमहोदयांकडूनच कळले. १९९१ साली ते गुपित जगापुढे उघड झाले. त्याच वर्षी २८ जूनला व्हॅटिकनमध्ये कॉन्सिस्टरी झाली. नव्वदीच्या उंबरठ्यावरचे कार्डिनल कुंग चाकांच्या खुर्चीवरून उठले, काठी बाजूला सारून पायऱ्या चढले आणि पोपमहोदयांपुढे त्यांनी गुडघे टेकले. सभागृहातील हजारो लोक उभे राहिले आणि टाळ्यांचा गजर कितीतरी मिनिटे थांबला नाही. तो गौरव एकट्या कुंग यांचा नव्हता. लाल समुद्रासारख्या त्या दीर्घ संकटातून चालत गेलेल्या, ज्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत अशा असंख्य चिनी भाविकांचा तो गौरव होता.

मायदेशी परतण्याची त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. १९९८ साली चीन सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले आणि ज्या देशावर प्रेम नाही असा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला होता, त्याच देशासाठी झुरत त्यांना अखेरची वर्षे काढावी लागली. १२ मार्च २००० रोजी स्टॅमफर्ड येथे त्यांचे निधन झाले. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथील मिशन दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. बावीस वर्षे तुरुंगवास भोगलेले कँटनचे आर्चबिशप डॉमिनिक तांग यांचेही दफन तेथेच झाले आहे.

दुभंगलेल्या अंगणात

कार्डिनल कुंग यांचे चरित्र सांगताना ज्यांनी वेगळी वाट धरली त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. १९५५ मध्ये त्यांच्याबरोबरच अटक झालेले येशूसंघीय फादर जिन लुशियान यांनी तुरुंग व श्रमछावणीत सत्तावीस वर्षे काढली. सुटकेनंतर त्यांनी सरकारमान्य ख्रिस्तसभेत बिशपपद स्वीकारले, सेमिनरी पुन्हा उभी केली, मिस्साविधी चिनी भाषेत आणला. पुढे त्यांना रोमचीही मान्यता मिळाली. दुसरीकडे, तितक्याच यातना सोसलेले फादर जोसेफ फान झोंगलियांग हे १९८५ मध्ये गुप्तपणे बिशप झाले. कुंग यांच्या निधनानंतर रोमच्या दृष्टीने तेच शांघायचे बिशप होते. जिन २०१३ मध्ये आणि फान २०१४ मध्ये निवर्तले. एकाच सेमिनरीत वाढलेली, एकाच प्रभूवर प्रेम करणारी ही दोन माणसे एकाच शहरात दोन बाजूंना राहिली. छळाची सर्वांत खोल जखम कोणती, असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही या दुभंगाकडे निर्देश करू. तुरुंगाच्या भिंती कालांतराने पडतात. भावाभावांतील भिंत पाडायला अधिक वेळ लागतो.

ती पाडण्याचे प्रयत्न सुरू आहेत. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली चीनमधील कॅथलिकांना पत्र लिहून दोन्ही बाजूंना समेटाचे आवाहन केले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत बिशपांच्या नेमणुकांबाबत व्हॅटिकन आणि चीन यांच्यात तात्पुरता करार झाला. त्याचे नूतनीकरण २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये करण्यात आले. तरीही २०२३ मध्ये शांघायच्याच आसनावर चीनने एकतर्फी बिशप आणले आणि काही महिन्यांनी पोपमहोदयांनी त्यांना मान्यता दिली. या कराराविषयी मतभेद आहेत. कुंग यांच्या पिढीने ज्यासाठी आयुष्ये वाहिली, त्याचे मोल कमी होत आहे काय, असा प्रश्न अनेक जण कळकळीने विचारतात. संवाद हवाच, कारण दार बंद ठेवून जखम भरत नाही. पण तो संवाद करताना तुरुंगात झिजलेल्यांची आठवण पुसली जाऊ नये, असे आमचे मत आहे.

आपण भारतात अल्पसंख्य आहोत. आपला धर्म परका आहे, आपली निष्ठा दुसरीकडे आहे, असे बोल अधूनमधून आपल्याही कानी पडतात. चीनमधील परिस्थिती आणि आपली परिस्थिती एक नाही. आपल्याला संविधानाने दिलेले स्वातंत्र्य मोठे आहे आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. पण अशा बोलांना उत्तर कसे द्यावे, हे कार्डिनल कुंग यांच्या जीवनातून शिकता येते. त्यांनी देशाचा द्वेष केला नाही, देश सोडून ते गेले नाहीत, आपल्या भाषेतून आणि आपल्या लोकांतून त्यांनी श्रद्धा रुजवली. विवेकाला न पटणाऱ्या एका कागदावर सही करण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला. आपल्यावर तुरुंगात जाण्याची वेळ आलेली नाही. पण मुलांना घरी प्रार्थना शिकवण्याची, धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवण्याची, खोट्या कागदावर सही न करण्याची वेळ रोजच येत असते.

दरवर्षी २४ मे रोजी, शेशानच्या मरियामातेच्या सणादिवशी, साऱ्या जगातील कॅथलिक चीनमधील ख्रिस्तसभेसाठी प्रार्थना करतात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ही प्रथा सुरू केली. आपल्या धर्मग्रामांतूनही त्या दिवशी जपमाळेचे एक दशक चीनमधील आपल्या भावाबहिणींसाठी अर्पण व्हावे, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.